खोटी भाषा, खरे व्याकरण

क्लिंगॉन भाषेत ‘सुप्रभात’ म्हणायचे ठरवले तर शब्दांची अडचण नाही. सकाळीला ‘पो’ म्हणतात आणि चांगले असण्याला ‘काक’. पण ‘पो काक’ म्हटले की ‘चांगली सकाळ’ एवढेच पदरात पडते. त्या सकाळीचे पुढे काय झाले, याची ऐकणारा वाट पाहत बसेल. क्रम उलटून ‘काक पो’ म्हटले तर ‘सकाळ चांगली आहे’ असे पूर्ण वाक्य मिळते, पण ती हवामानाची बातमी झाली, शुभेच्छा नव्हे. मुळात या भाषेच्या काल्पनिक भाषकांमध्ये अभिवादनाची रीतच नाही. समोर कोणी आले की ते ‘नुक्नेख’, म्हणजे ‘काय हवंय?’ असे विचारून थेट मुद्द्यावर येतात. शिकणारा पहिल्याच पाठात अडखळतो आणि त्याला विचार करावा लागतो, की सुप्रभात म्हणताना आपण नेमके करतो तरी काय? माहिती देतो, सदिच्छा व्यक्त करतो, की समोरचा माणूस दिसल्याची नुसती पोच देतो? ‘स्टार ट्रेक’च्या परग्रहवासीयांची ही बनावट भाषा शिकणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे सर्रास मानले जाते. माझे मत याच्या उलट आहे. रोजच्या वापरातली साधी वाक्ये अशा भाषेत नेऊन बसवणे हा व्याकरण समजून घेण्याच्या उत्तम मार्गांपैकी एक आहे, आणि व्याकरण शिकवण्याची आपली शालेय पद्धत नेमकी जिथे लंगडी पडते तिथे तो उपयोगी पडू शकतो.

या भाषेचा उगम पाहिला तर ती थिल्लर का नाही हे कळते. क्लिंगॉन ही लढवय्यांची जमात अमेरिकी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर १९६७मध्ये अवतरली तेव्हा ती बिनदिक्कत इंग्रजी बोलत होती. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी पहिल्यांदा काही कर्कश शब्द आले. ते रचले होते जेम्स डूहान या अभिनेत्याने. १९८४च्या ‘द सर्च फॉर स्पॉक’साठी मात्र खरी वाटेल अशी भाषा हवी होती आणि ते काम मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे आले. ओक्रँड यांनी १९७७मध्ये बर्कली येथे कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला होता. ती भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती, असेन्सिऑन सोलोर्सानो, १९३०मध्ये वारली. तिच्या अखेरच्या दिवसांत जॉन हॅरिंग्टन या संशोधकाने तिच्याकडून जे उतरवून घेतले, त्या कागदांचा ओक्रँड यांच्या अभ्यासाला मोठा आधार होता. पुढे १९८५मध्ये त्यांनी क्लिंगॉनचा शब्दकोश काढला, त्यातच व्याकरणही दिले. आपल्याला ही भाषा माल्ट्झ नावाच्या क्लिंगॉन कैद्याने सांगितली, अशी बतावणी त्यांनी तेव्हापासून चालवली आहे. बोलणारा एकच, टिपून घेणारा एकच, आणि विचारता आले नाही ते अज्ञातच राहणार, हा त्या बतावणीचा साचा सरळ मुत्सुनच्या अभ्यासातून उचललेला दिसतो.

भाषा मानवी वाटू नये म्हणून ओक्रँड यांनी मानवी भाषांचे संकेत जाणूनबुजून मोडले. ते मोडायचे तर आधी माहीत असावे लागतात, आणि शिकणाऱ्यालाही ते मोडलेले पाहूनच पहिल्यांदा कळतात. मराठी वाचकाला याचे एक उदाहरण चटकन उमगेल. आपल्याकडे त-द आणि ट-ड अशा नीट जोड्या आहेत. क्लिंगॉनमध्ये ‘त’ आहे पण ‘द’ नाही, ‘ड’ आहे पण ‘ट’ नाही. दोन जोड्यांतला एकेक जोडीदार काढून टाकला आहे. वाक्यातला क्रमही आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता असा. जगातल्या भाषांत हा क्रम अत्यंत दुर्मीळ. ब्राझीलमधील हिश्कार्याना ही त्यातली प्रसिद्ध भाषा. ‘वाघाने हरिण मारले’ या मराठी वाक्यातले शब्द हवे तसे फिरवा, मरते ते हरिणच, कारण ‘ने’ हा प्रत्यय वाघाला सोडत नाही. क्लिंगॉनमध्ये कर्त्याला किंवा कर्माला असा प्रत्यय नाही. तिथे दोन नामांची अदलाबदल झाली की हरिण वाघाला मारते. विभक्ती म्हणजे पाठ करायचा तक्ता, असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याला ती नसली तर काय कोसळते हे एका वाक्यात दिसते. विभक्तीमुळे मराठीला शब्दक्रमाचे केवढे स्वातंत्र्य मिळते, हे मराठीच्या आत राहून सहसा ध्यानात येत नाही.

पण नुसती विचित्र रचना पुरेशी नाही. या भाषेला शिस्त दिली ती तिच्या चाहत्यांनी पाळलेल्या एका नियमाने: नवा धातू किंवा नवा प्रत्यय घडवण्याचा अधिकार शिकणाऱ्याला नाही. जे ओक्रँड यांनी दिले तेच ग्राह्य. लॉरेन्स शॉन यांनी १९९२मध्ये पेन्सिल्व्हेनियात स्थापलेली क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट नव्या शब्दांच्या मागण्या त्यांच्याकडे पाठवते आणि ते त्यांतल्या काहींची उत्तरे देतात. तोवर आहे त्या सामग्रीत भागवायचे. याच संस्थेच्या खटपटीतून १९९६मध्ये ‘हॅम्लेट’चे क्लिंगॉन रूपांतर आले, ते याच निर्बंधाखाली. खुद्द ओक्रँडही त्यातून सुटले नाहीत. इंग्रजीत असते तसे ‘असणे’ हे क्रियापद त्यांनी ठेवलेच नव्हते. ‘तो’, ‘ती’, ‘आम्ही’ ही सर्वनामेच ते काम करतात. १९९१च्या चित्रपटात मात्र एका क्लिंगॉन सेनापतीच्या तोंडी हॅम्लेटचा तो असण्या-नसण्याचा प्रश्न घालायचे ठरले. ओक्रँड यांनी शेवटी ‘टिकून राहणे, चालू ठेवणे’ या अर्थाचे ‘ताख’ पुढे केले. चाहत्यांनी याला हुकलेले भाषांतर म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. लढवय्याच्या भाषेत तो प्रश्न अस्तित्वाचा न राहता तग धरण्याचा होणे स्वाभाविक आहे. नवा शब्द पाडण्याची पळवाट बंद असली की अर्थाशी दोन हात करावेच लागतात.

रोजच्या वाक्यांत ही झटापट अधिक बोलकी होते. ‘स्वच्छतागृह कुठे आहे?’ हे प्रवाशाचे सनातन वाक्य घ्या. क्लिंगॉनमध्ये त्याची मांडणी साधारण ‘कुठे ते, स्वच्छतागृह म्हणाल तर’ अशी होते. ‘आहे’ची जागा सर्वनामाने घेतली आणि ज्याच्याविषयी विचारायचे त्या नामाला विषय दाखवणारा खास प्रत्यय लागला. वाक्याचा कर्ता आणि वाक्याचा विषय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हा भाषाशास्त्रातला मोलाचा धडा इथे पोटाच्या निकडीने शिकायला मिळतो. किंवा ‘प्लीज’ घ्या. त्याला प्रतिशब्द नाही. क्रियापदाच्या शेवटी लावायचा एक आदरवाचक प्रत्यय आहे, पण तो वरिष्ठांसाठी. चहावाल्याला तो लावला तर थट्टा केल्यासारखे होईल. इंग्रजीभाषक इथे गोंधळतो. मराठी माणसाने मात्र गोंधळायचे कारण नाही. ‘कृपया’ आपल्याकडे पाट्यांवर आणि उद्घोषणांत नांदते, घरात नाही. घरात विनंती असते ती ‘दे’, ‘द्या’, ‘देशील का’, ‘द्याल का’ या क्रियापदाच्या रूपांत. आपली सभ्यता क्रियापदाच्या शेपटीत राहते ही गोष्ट आपण जन्मभर पाळतो, आणि ती बोलून दाखवण्याची वेळ एखाद्या अनोळखी भाषेपुढे उभे राहिल्यावरच येते.

क्रियापदाचे प्रत्यय हा तर या भाषेचा गाभाच. ते नऊ गटांत वाटलेले आहेत, एका गटातला एकच प्रत्यय लावता येतो आणि गटांचा क्रम ठरलेला असतो. या शिस्तीला अपवाद नकाराचा: ‘बे’ हा प्रत्यय फिरता आहे आणि ज्याला नाकारायचे त्याच्या लगेच मागे तो बसतो. ‘जात्ल्’ म्हणजे बोलणे, ‘विप्’ म्हणजे भिणे. ‘जात्ल्-विप्-बे’ म्हणजे बोलायला भीत नाही. ‘जात्ल्-बे-विप्’ म्हणजे न बोलायला भितो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले आणि निर्भीड माणूस भित्रा ठरला. वर गंमत अशी, की ‘मी भितो’ असे म्हणणे व्याकरणात बसते, पण क्लिंगॉन समाजात ते निषिद्ध. व्याकरणाला चालणारे आणि समाजाला चालणारे यांतला फरक एवढ्या स्वच्छ रेषेत क्वचितच समोर येतो. काळ दाखवणारे प्रत्यय या भाषेत नाहीतच. क्रिया पुरी झाली की चालू आहे एवढेच ती सांगते. पण पुरी झालेली क्रिया मुद्दाम तडीस नेली असेल तर त्यासाठी प्रत्यय निराळा, चालू क्रियेला ठरलेले गंतव्य असेल तर त्यासाठीही निराळा. ‘मी पेला फोडला’ या वाक्यात हेतू होता की नव्हता, हे मराठी प्रसंगावर सोपवते. ‘माझ्या हातून पेला फुटला’ म्हणून सुटका करून घेण्याची सोयही ठेवते. क्लिंगॉनमध्ये नेताना नेमका प्रत्यय निवडायचा तर आधी तो हेतू स्वतःशी ठरवावा लागतो. सांगणाऱ्याची खात्री किती, हे दाखवणारेही प्रत्यय आहेत: ‘निश्चित’, ‘उघडच’, ‘बहुधा’. आपले ‘म्हणे’ याच जातीचे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतले अंतर व्याकरणाचे आहे, हे आपल्या किती मुलांना कोणी सांगितले असेल?

आपल्या शाळांत व्याकरणाचा तास बहुतांशी ओळखपरेडीचा असतो. समास ओळखा, प्रयोग ओळखा, विभक्ती ओळखा. ‘वाघाने शेळी मारली’ हा कर्मणी प्रयोग हे विद्यार्थी बिनचूक लिहितो आणि गुण मिळवतो. पण मारणारा वाघ असताना क्रियापद शेळीचे लिंग का धरते, ‘वाघ शेळी मारतो’ म्हणताच ते परत वाघाकडे का वळते, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडला तरी उत्तरपत्रिकेत त्याला जागा नसते. हेच वाक्य क्लिंगॉनमध्ये न्यायचे म्हटले की क्रियापद कोणाशी जुळते हा कळीचा मुद्दा होतो, कारण तिथे क्रियापदाच्या आधी लागणारा उपसर्ग कर्ता आणि कर्म या दोघांची खबर एकदम देतो. ‘का’ लावले की ‘मी तुला’, ‘चो’ लावले की ‘तू मला’, ‘मु’ लावले की ‘तो मला’. मराठी क्रियापद एका वेळी सहसा एकाशीच जुळते, आणि ते कोणाशी हे काळावर आणि कर्माच्या रूपावर ठरते, ही आपल्या भाषेची ठेवण अशा तुलनेत ठळक होते. परिभाषा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण ती आधी आणि कोडे नंतर, किंवा कोडे कधीच नाही, हा क्रम उफराटा आहे. कोड्यात अडकलेल्या मुलाला परिभाषा आधार वाटते. न अडकलेल्याला ओझे.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे, म्हणून सर्वांत वजनदार. जगात खऱ्या भाषा मरत असताना खोट्या भाषेवर बुद्धी उधळणे शोभते का? महाराष्ट्रातच कोरकू, गोंडी, कोलामी बोलणारी मुले शाळेत स्वतःच्या भाषेला पारखी होतात; मग परग्रहाची भाषा कशाला? आक्षेपातली कळकळ मला मान्य आहे, त्यातले गणित नाही. क्लिंगॉन शिकणारा तो वेळ अन्यथा कोरकूला देणार होता, असे मानायला आधार नाही. बहुतेकदा तो कोणत्याच भाषेच्या रचनेकडे वळला नसता. शिवाय या दोन कामांत वैर नाही हे ओक्रँड यांच्या उदाहरणावरूनच दिसते. त्यांचा मुत्सुनवरील प्रबंध आणि हॅरिंग्टन यांच्यासारख्यांची टिपणे हा त्या जमातीच्या वंशजांनी पुढे हाती घेतलेल्या भाषा-पुनरुज्जीवनाच्या कामातला महत्त्वाचा दस्तऐवज ठरला. आणखी एक गोष्ट आहे. जिवंत समाजाची भाषा ही नवशिक्याने खेळायची वस्तू नव्हे. तिच्यातल्या चुकांची किंमत कोणाच्या तरी मानाला मोजावी लागते. बनावट भाषेत चुकल्याने कोणी दुखावत नाही. पोहण्याचा सराव आधी उथळ पाण्यात करावा, एवढाच हा युक्तिवाद आहे. मात्र जो उथळ पाण्यातच डुंबत राहील त्याला निम्मेच मिळाले, हेही तितकेच खरे. क्लिंगॉनमुळे जागे झालेले कुतूहल शेजारच्या पाड्यावरच्या भाषेपर्यंत पोहोचले नाही, तर आक्षेप घेणारा जिंकला असे मी मान्य करीन.

दुसरा आक्षेप असा, की जिला समाज नाही, इतिहास नाही, जिचा मालक एक कंपनी आणि शब्दकर्ता एकच माणूस, तिला भाषा म्हणायचेच कशाला? हा प्रश्न अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेला होता. चाहत्यांनी काढायला घेतलेल्या एका चित्रपटावर पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी खटला भरला, तेव्हा आपल्या मालकीच्या गोष्टींत त्यांनी क्लिंगॉन भाषाही गणली. कृत्रिम भाषा रचणाऱ्यांच्या लँग्वेज क्रिएशन सोसायटीने २०१६मध्ये न्यायालयात निवेदन देऊन सांगितले की शब्दकोशाच्या पुस्तकावर हक्क सांगता येईल, भाषेवर नाही. त्या निवेदनात मुद्दाम क्लिंगॉन वाक्येही पेरली होती. २०१७च्या जानेवारीत तडजोड झाली आणि हा मुद्दा अनिर्णित राहिला. तरी व्यवहाराने त्याचे उत्तर बरेचसे दिले आहे. ज्या वाक्यांची तरतूद निर्मात्याने केली नव्हती ती वाक्ये लोक करतात आणि दुसऱ्यांना ती कळतात. भाषा असण्याची याहून मोठी खूण कोणती? चित्रीकरणाच्या वेळी नटांनी केलेल्या काही चुकाही ओक्रँड यांनी नियमांत सामावून घेतल्या. बोलणाऱ्यांच्या तोंडाने नियम वाकणे हे जिवंत भाषेचे लक्षण थोड्या प्रमाणात इथेही दिसले. तरीही माझा युक्तिवाद क्लिंगॉनला मराठीच्या पंक्तीला बसवण्यावर अवलंबून नाही. तिला समाज नाही ही तिची उणीव आहेच, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती सोयही आहे. सवयीचे, प्रतिष्ठेचे, शुद्ध-अशुद्धाचे वाद वजा केल्यावर उरते ती निव्वळ रचना, आणि ती पाहण्याची संधी मातृभाषेत आपल्याला क्वचितच मिळते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. मायक्रोसॉफ्टच्या भाषांतर-सेवेत २०१३पासून क्लिंगॉन आहे, ड्युओलिंगोवर २०१८पासून तिचा अभ्यासक्रम आहे. यंत्र क्षणात वाक्य देत असेल तर माणसाने कशाला खपायचे? तयार वाक्य हवे असणाऱ्याने खुशाल यंत्राकडे जावे. पण इथे त्या वाक्याला बाजारात किंमतच नाही. क्लिंगॉनमध्ये चहा मागून चहा देणारे दुकान पृथ्वीवर नाही. त्यामुळे भाषांतराचा व्यावहारिक फायदा शून्य होतो आणि उरते ती फक्त भाषांतर करताना झालेली समज. यंत्रांच्या काळात शिक्षणाने जपायचे ते हेच. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत धडाधड मजकूर लोटणारी साधने हाताशी असताना, ‘हे वाक्य मूळ वाक्याएवढेच म्हणते का?’ असे विचारू शकणारा माणूस दुर्मीळ होत जाईल आणि म्हणून मोलाचाही. सरकारी परिपत्रकांचे आणि औषधांवरच्या सूचनांचे बोजड मराठी वाचताना त्याची उणीव आजही जाणवते. तिथे शब्द मराठी असतात, पण हे वाक्य कोण, कोणाला, कशासाठी सांगत आहे याचा विचार झालेला नसतो.

तेव्हा क्लिंगॉन अभ्यासक्रमात आणा अशी मागणी मी करणार नाही. ती आणली तर वर्षभरात तिचेही ‘प्रत्यय ओळखा’ होईल. मागणी पद्धतीची आहे. अनोळखी भाषेतली दहाबारा वाक्ये आणि त्यांचे अर्थ द्यायचे, त्यावरून नियम शोधायला लावायचे आणि मग त्याच नियमांनी नवे वाक्य बांधायला सांगायचे, अशी कोडी आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये २००३पासून घातली जातात. २०१६मध्ये ही स्पर्धा म्हैसूरला झाली, आणि भारताचा संघ निवडणारी स्पर्धा तर पाणिनीचेच नाव लावते. तिथे कोडी खऱ्या भाषांची असतात आणि पूर्वज्ञान लागत नाही; लागते ते निरखणे आणि तर्क. मराठीच्या तासाला महिन्यातून एकदा असे एक कोडे ठेवायला वेगळे पुस्तक लागत नाही की वेगळा निधी. सुरुवात क्लिंगॉनसारख्या बिनधोक्याच्या भाषेने करता येईल, पुढची कोडी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांकडूनच घेता येतील. वर्गात गप्प बसणारे ते मूल त्या तासापुरते सर्वांत जाणकार ठरेल. परीक्षेतही ‘प्रयोग ओळखा’च्या शेजारी आणखी एक प्रश्न असावा: क्रियापद इथे कोणाशी जुळते आणि न जुळते तर अर्थाचे काय झाले असते, ते लिहा. ज्याला याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता येते त्याला व्याकरण येते, मग ते तो कोणत्याही ग्रहाच्या भाषेतून शिकलेला असो.